चार बोटं सरकलेला ड्रम

दौलत मिस्त्री गेल्याची बातमी मला जामसावळीच्या हनुमानाच्या रांगेत कळली. शनिवार होता, गर्दी भरपूर, माझ्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात बायकोची पिशवी, आणि सदऱ्याच्या खिशात फोन वाजून राहिला. कसाबसा काढला तर मिस्त्रींची मुलगी वंदना. "गुरुजी, बाबा गेले... सकाळी अंगणात बसल्या बसल्या." अशा वेळी माणूस काय बोलतो? अरेरे म्हणतो, कसं झालं विचारतो, निघतोच आम्ही म्हणतो. मी विचारलं, "आमच्या घराची किल्ली कुठं आहे?" ती शांतपणे म्हणाली, "किल्ली आईपाशी हाय, गुरुजी. तुमच्या घरात आज कोनी गेलं नाही." शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोने, सुमनने, माझं हे बोलणं ऐकलं आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. दर्शन न घेताच आम्ही परत फिरलो. आमच्या पांढुर्ण्यापर्यंत ती माझ्याकडे पाठ करून बसली.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. पेपरच्या या पानावर लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल चांगलं चांगलं लिहितात, मी दर आठवड्याला वाचतो, आणि खरं सांगतो, निम्म्यावर माझा विश्वास बसत नाही. माझा स्वभावच तसा. दूधवाला हसला तरी मला वाटतं आज पाणी जास्त घातलं. तेव्हा मिस्त्रींबद्दल लिहायचं तर आधी हे सांगायला हवं, की त्या माणसावर मी वर्षानुवर्षं संशय घेतला, आणि तोही मनापासून, मेहनतीने.

आमच्या वस्तीला अजून मिल लाइन म्हणतात. मिल मात्र राहिली नाही. कधी काळी तिथं कापसाची जिनिंग होती, गठाणी बांधायचा प्रेस होता, सरकीचं तेल निघायचं, भोंग्यावर सगळ्या गावाचा स्वयंपाक चालायचा. मिल बंद पडली, माणसं पांगली, कोणी नागपूरला गेलं, कोणी सौंसरकडे कारखान्यात लागलं. कामगारांची घरं विकली गेली तेव्हा मी शाळामास्तर असून एक घर घेतलं. घरासोबत आम्हा सगळ्यांना आणखी एक वस्तू मिळाली, ती म्हणजे मिलची जमिनीखालची नाली. घरांच्या मागे एक बोळ होता, त्याच्या पोटातून ती जात होती. तिचा नकाशा कोणाजवळ नव्हता. ऑफिसातल्या कागदांना वाळवी लागली म्हणे. राहिले एकटे दौलत मिस्त्री. मिलमध्ये ते फिटर होते, त्या नालीची प्रत्येक जोडणी त्यांनी हाताने केलेली किंवा खोललेली होती, आणि लाइनीच्या अगदी टोकाला, उताराच्या तोंडाशी त्यांचं घर होतं. त्यांच्या अलीकडचं घर माझं.

नाली तुंबली की मिस्त्रींना बोलावणं जायचं. ते यायचे एक लांब लोखंडी सळई घेऊन, एका टोकाला हूक, दुसरं टोक हाताने घासून घासून चकचकीत झालेलं. आधी बायांना नळ बंद करायला लावायचे. मग सळईचं एक टोक जमिनीवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायचे आणि डावा हात वर करायचे. हात वर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही. वरच्या अंगाला कोणी एक बादली ओतली की ते तीन पावलं सरकायचे, पुन्हा कान, पुन्हा हात वर... आणि मग म्हणायचे, "इथं हाय. तनस हाय आतमधी." उकरलं की खरंच संत्र्याच्या पेट्यांतलं तणस निघायचं, नाही तर सरकीच्या ढेपेचं पोतं. लोक तोंडात बोटं घालायचे. मी मनात म्हणायचो, ज्याने लपवलं त्यालाच सापडणार.

एकदा तर त्यांनी बादलीत नीळ कालवून वरच्या घरातून ओतली. पाणी कुठून कुठं जाते ते पाहून राहिलो, असं म्हणाले. थोड्या वेळाने आमच्या न्हाणीच्या कोपऱ्यात निळा ओघळ आला. मी तरातरा बाहेर गेलो आणि म्हटलं, "मिस्त्री, हे काय चालवलंय? माझ्या न्हाणीत रंग कसा आला?" मिस्त्रींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे, जिथं सुमन उभी होती. म्हणाले, "पाणीच हाय गुरुजी. रस्ता भेटला का येते." एवढंच. त्या पाहण्यात काहीतरी पाणी मुरतंय, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. पण काय, ते समजेना.

मग मी पाळत ठेवू लागलो. सुमन दर महिन्याच्या एका शनिवारी मला जामसावळीला नेते. जाताना घराची किल्ली मिस्त्रींच्या बायकोकडे, कमलाबाईंकडे, ठेवते. तुळशीला पाणी घालायला, असं कारण. एका तुळशीला घरभराची किल्ली कशाला लागते? तुळस तर अंगणात. बरं, परत यावं तर न्हाणीतला पाण्याचा निळा ड्रम अर्धा रिकामा. आणि तो जागेवर नाही. सिमेंटच्या जमिनीवर त्याच्या बुडाचा गोल डाग पडलेला आहे, आणि ड्रम त्या डागावरून चार बोटं दाराकडे सरकलेला. मी बोटं लावून मोजलं. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच, चार बोटं, दाराकडेच. सुमनला विचारलं तर म्हणाली, "मीच सरकवला असंल झाडताना." तिची कंबर दुखते, बादली उचलायला ती मला हाक मारते, आणि ड्रम सरकवते म्हणे.

माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मिल बंद झाली तेव्हा पितळेचं बरंच सामान गायब झालं होतं, व्हॉल्व्ह, तोट्या, काय काय. कोणी नेलं ते कधी कळलं नाही. मला वाटायला लागलं की मिस्त्रींनी ते माझ्या घरात पुरलंय. का, तर मास्तरच्या घरात कोण शोधणार? एवढं ठरल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. किल्ली, ड्रम, नीळ, सुमनकडे पाहणं... रात्रंदिवस मी तेच जुळवत बसायचो. एकच काम केलं नाही. उठून त्यांच्या दारात जाऊन, मिस्त्री, माझा ड्रम तुम्ही का सरकवता, हे विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, असं माझं मत.

विचारण्याऐवजी मी अर्ज लिहिले. अर्ज लिहिणं हा माझा जुना धंदा. कोणी ओटा नालीवर काढला, कोणी पायरी पुढे आणली, की माझा नगरपालिकेत अर्ज. आमच्या लाइनीतले तीन ओटे माझ्या अर्जांनी तुटलेत. मागच्या बोळात मात्र प्रत्येकाने चार-चार फूट दाबून न्हाणी, संडास काढले होते, मीही काढले होते, त्याबद्दल मी कधी अर्ज केला नाही. त्यात मला काही विचित्रही वाटलं नाही. तर मिस्त्रींविरुद्ध लिहिलं की हा इसम स्वतःच नाल्या तुंबवतो आणि स्वतःच मोकळ्या करून भाव खातो. खाली सही 'एक जागरूक नागरिक'. तिथला बाबू माझा विद्यार्थी निघाला, त्याने अक्षर ओळखलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या लाइनीला कळलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री दारात भेटले. मला वाटलं आता भांडतील. ते म्हणाले, "अक्षर गजब हाय गुरुजी तुमचं." आणि सळई खांद्यावर टाकून निघून गेले. हे कौतुक होतं की टोमणा, यावर मी आठ दिवस विचार करत होतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी ठरवलं, आता जामसावळी बंद. सुमन म्हणाली, "अजी, असं काहून करता? एक दिवस तर जायचं राह्यते." मी म्हटलं गुडघे दुखतात. तिने एकटीने माझ्याशिवाय जायचं नाकारलं, माझ्या संशयाला आणखी बळ आलं. दर शनिवारी मी न्हाणीच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचो. मिस्त्री दोनदा येऊन गेले. "गुरुजी, जाऊन या जी हनुमानजीले. मी घराकडं ध्यान देतो." मी म्हटलं, "माझं ध्यान मी देईन." तीन महिने ड्रम एक बोटभर हलला नाही. मी मनातून खूश होतो.

चौथ्या महिन्यात एक दिवस दुपारभर पाऊस पडला आणि लाइनीची नाली उलटली. सहा घरांत घाण पाणी शिरलं. आमचं घर दोन पायऱ्या उंच, आम्ही वाचलो. मिस्त्रींचं अंगण सगळ्यात खाली, तिथं गुडघाभर साचलं, आणि पिठाचा डबा वर ठेवायला धावलेल्या कमलाबाई घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघाल्यावर ते थोडं वाकडंच राहिलं.

दोन दिवसांनी पार्षद, म्हणजे आमचे नगरसेवक, आणि नगरपालिकेचे इंजिनिअर आले. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून साहेब लोक जरा लवकर येतात. लाइनीतले सगळे चौकात जमलो. इंजिनिअर तरुण, सभ्य मुलगा. त्याने मिस्त्रींना विचारलं, "दादा, सगळ्या लाइनी जिथं जुळतात ते मोठं चेंबर कुठं आहे? तेवढं सांगा, आजच खोलतो." मिस्त्री माझ्याकडे वळले. सगळ्यांसमोर, अगदी हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमाले काही इचारायचं हाय का मले?" मी उसळलो. म्हटलं, "मला काही विचारायचं नाही. मला सगळं माहीत आहे." तसे ते इंजिनिअरला म्हणाले, "मंग याद नाही, साहेब." मी सोडतो काय? "ज्या माणसाने जन्म त्या नालीत घालवला त्याला याद नाही? खोटं बोलून राहिला हा." मी त्यांना एकेरीत बोललो. कोणी मला अडवलं नाही, उलट दोघा-तिघांनी मान हलवली. कमलाबाई गळ्यात हात बांधलेल्या, दारात उभ्या होत्या. मिस्त्री घरी गेले, ते आमच्या लाइनीत मग खोटारडे म्हणूनच वावरले.

पाणी मात्र चार दिवसांत उतरलं. मधल्या शनिवारी सुमनने रडून, जेवण सोडून मला जामसावळीला नेलं होतं. परतलो तेव्हा ड्रम चार बोटं दाराकडे. मी मनात म्हटलं, एवढं होऊन या माणसाची हिंमत बघा. नंतर वर्षभर तेच चाललं, त्या शेवटच्या शनिवारपर्यंत.

मिस्त्री गेल्यावर तेराव्याला मी गेलो, जेवलो, आलो. त्यानंतर आठवडाभराने एका सकाळी आमच्या न्हाणीत आंघोळीचं पाणी जाईना. बुडबुडे यायला लागले, वास सुटला. मी शर्ट घालून नगरपालिकेत निघालो तर सुमन म्हणाली, "कुठी जाऊन राहिले? ड्रम सरकवा."

मी ड्रम अर्धा उपसला, सरकवला. खाली कडप्प्याची एक फरशी होती, तिच्या कडा सिमेंटने बुजवलेल्या नव्हत्या. सुमनने चमच्याने खाच दाखवली. फरशी उचलली तर खाली लोखंडी झाकण, आणि झाकणाखाली विटांचं, माणूस बसेल एवढं चेंबर. लाइनीच्या सगळ्या नाल्या तिथं येऊन मिळत होत्या. आतल्या विटेच्या खोबणीत बांबूची एक लांब कामटी आणि तारेचा आकडा, स्वच्छ धुऊन ठेवलेले. पितळेचा एक तुकडाही नव्हता. मी तरीही टॉर्च लावून पाहिलं, हे कबूल करतो.

सुमनने मग सगळं सांगितलं. न्हाणी बांधली तेव्हा मी जनगणनेच्या ड्युटीवर खेड्यांत फिरत होतो. गवंड्याने बोळातले चार फूट धरले आणि चेंबर आत आलं. मिस्त्रींनी येऊन काम थांबवलं होतं. सुमन त्यांच्या हातापाया पडली. मला म्हणाली, "तुमाले सांगितलं असतं तं तुमी काय केलं असतं? त्याच्यावरच अर्ज टाकला असता, का यानंच चेंबर इकडं सरकवलं म्हनून. नाही तं आपलंच घर पाडून बसले असते." मिस्त्रींनी गवंड्याला फरशी मोकळी ठेवायला लावली आणि तिला शब्द दिला, मी कोणाला सांगणार नाही, महिन्यातून एकदा येऊन साफ करत जाईन. मग सुमन म्हणाली, "एक अट घातली होती त्यायनं. म्हने, वहिनी, गुरुजीनं सोताच्या तोंडानं इचारलं तं मी खोटं नाही बोलनार. ते इचारतीन तवा सांगन."

मी तिथंच ओल्या जमिनीवर बसलो. तीन महिने खुर्ची टाकून मी काय राखत होतो ते मला कळलं. सहा घरांतलं पाणी माझं होतं. ते मनगट माझं होतं.

संध्याकाळी कमलाबाईंकडे गेलो. म्हटलं, "मिस्त्रींची सळई द्याल का? चेंबर मोकळं करायचंय." त्या आत गेल्या, त्या वाकड्या हाताने सळई ओढत घेऊन आल्या. मला राहवेना. मी विचारलं, "एवढं सगळं माहीत असून ते मला बोलले का नाहीत कधी? चौकात मी त्यांना खोटारडा म्हटलं, तेव्हा तरी." कमलाबाई म्हणाल्या, "मी बी तेच म्हनलं होतं. माह्या हातासाठी तरी बोला म्हनलं. तं म्हने, बाईले शब्द देल्ला हाय." मग थोडं हसल्या. "अन् तुमचा अर्ज आला का हसत बी होते. म्हने, लिहू द्या गुरुजीले, हात चालता राह्यते." घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. त्यांना माझी कीव येत होती की माझी मजा वाटत होती? दोन्ही असेल. हा हिशेब मला अजून लागत नाही, आणि मेलेल्या माणसावरही मी संशय घेतोय, हे मला दिसतं.

पुढच्या आठवड्यात तोच इंजिनिअर नवीन लाइनीचं मोजमाप करायला आला. चौकात पुन्हा सगळे जमले, कमलाबाईही होत्या. त्याने विचारलं, "मोठ्या चेंबरचा काही पत्ता लागला का?" सुमन माझ्या बाहीला धरून उभी होती. तिने बाही ओढली नाही, नुसती धरून ठेवली. मी म्हटलं, "माझ्या न्हाणीत आहे. गेल्या वर्षी पाणी माझ्यामुळे चढलं. मिस्त्री दर महिन्याला साफ करत होते, मीच त्यांना येऊ दिलं नाही. ते खोटं बोलले ते माझ्यासाठी." मागून कोणीतरी म्हणालं, "आता लिहा अर्ज." माझ्या अर्जांनी ज्यांचे ओटे तुटले होते त्यांतलाच एक होता. मी घरी गेलो आणि अर्ज लिहिला. माझं अतिक्रमण, माझी न्हाणी, खाली माझी पूर्ण सही. बाबूने दोनदा वाचला आणि मला पाण्याचा ग्लास दिला. न्हाणी केव्हा पाडतात ते अजून कळवलेलं नाही.

तोवर महिना भरला म्हणून गेल्या शनिवारी मी स्वतः चेंबर साफ केलं. कामटी घातली, आकड्याने ओढलं, रुईचे काळे लोळे आणि तणस निघालं. फरशी बसवली. मग ड्रम ढकलला, आणि तो पहिल्याच झटक्यात त्या गोल डागावर जाऊन बसला. अगदी बरोबर. माझे हात कापतात, चष्म्याशिवाय मला धड दिसत नाही, आणि तरी ड्रम जागेवर बसला... मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होतो. ज्या माणसाला सळईला कान लावून जमिनीखालचं तणस ऐकू यायचं, ज्याने आयुष्यभर पाइपाला पाइप जुळवला, त्याला एक ड्रम जागेवर ठेवता येत नव्हता? दर महिन्याला, न चुकता, चार बोटं, दाराकडेच, आत पाऊल टाकताच मला दिसेल असा. सुमनला शब्द दिला होता, त्यांना सांगता येत नव्हतं. मी विचारावं म्हणून ते एवढंच करू शकत होते. इतकी वर्षं ते वाट पाहत होते, आणि मी बोटं लावून मोजत होतो.

सळई आता न्हाणीच्या कोपऱ्यात उभी आहे. मी ड्रमावर दोन्ही हात ठेवले आणि मोठ्याने म्हटलं, "मिस्त्री, माझा ड्रम काहून सरकवता जी?" बाहेरून सुमन म्हणाली, "कोनासंग बोलून राहिले?" मी ड्रम चार बोटं दाराकडे सरकवला, आणि तसाच ठेवला.